पाण्यावरच्या यंत्राचा पाण्यापासून बचाव

बंगळूर शहर समुद्रसपाटीपासून सुमारे तीन हजार फूट उंचीवर वसले आहे. त्याच्या काठाने एकही मोठी नदी वाहत नाही. तेथे पडणारे पावसाचे पाणी काही पश्चिमेकडे वृषभावतीच्या वाटेने अर्कावतीस आणि पुढे कावेरीस जाऊन मिळते, तर काही पूर्वेकडे बेळ्ळंदूर आणि वर्तूर या तलावांतून दक्षिण पिनाकिनीकडे उतरते. नदी नसलेल्या या गावाला पाणी पुरावे म्हणून केंपेगौडांच्या काळापासून तेथे तळी बांधली गेली, आणि एका तळ्याचे वाढते पाणी दुसऱ्या तळ्यात जावे म्हणून कालवे काढले गेले. शहाजीराजांच्या जहागिरीचे ठिकाण म्हणून मराठी माणसाला हे शहर परिचित आहे. परंतु बंगळूर आणि नौका यांची सांगड घालण्याचे कोणाच्या सहसा मनात येत नाही. हलसूरच्या तलावातील सहलीच्या होड्या सोडल्या, तर होडीचे तेथे काय काम, असेच कोणीही म्हणेल.

आणि तरीही सप्टेंबर २०२२ मध्ये या शहरात होड्या चालल्या. त्याही तलावात नव्हे, तर रस्त्यांवर. त्या महिन्याच्या ४ तारखेच्या रात्री जो पाऊस कोसळला, तो ५ तारखेच्या सकाळपर्यंत सुमारे १३० मिलिमीटर भरला. तळी आधीच काठोकाठ भरली होती, आणि कालव्यांवर घरे व रस्ते उभे राहिल्यामुळे पाण्याला आपली जुनी वाट सापडेना. बेळ्ळंदूर, सर्जापूर रस्ता आणि बाहेरचा वर्तुळमार्ग या भागांत वस्त्याच्या वस्त्या पाण्यात गेल्या. तळघरांत ठेवलेल्या मोटारी टपापर्यंत बुडाल्या, आणि माणसांना ट्रॅक्टरांतून व रबरी होड्यांतून बाहेर काढावे लागले.

या घटनेतून नगररचनेविषयी पुष्कळ बोध घेण्यासारखा आहे, आणि तो अनेकांनी सांगितलाही आहे. आजचा विषय त्या मानाने अगदी लहान आहे. पुरासाठी ठेवलेली होडी वर्षानुवर्षे कोठेतरी छपराखाली पडून असते. तिला काम असे नसतेच. मग एका रात्री अचानक तिची आठवण होते, आणि त्या क्षणी तिचे एंजिन पहिल्या हाकेला उठावे अशी आपली अपेक्षा असते. ते उठते की नाही, हे बहुधा नारळाहून थोड्या मोठ्या अशा एका विजेच्या मोटारीवर अवलंबून असते. हिला स्टार्टर म्हणतात. आपल्याकडील मिस्त्रीलोक तिला 'सेल्फ' या नावाने ओळखतात. योगायोग असा की, मोटारगाड्यांचे स्टार्टर घडवण्याचा मोठा उद्योग बंगळुरातच, शहराच्या दक्षिणेस नागनाथपुर येथे, वाढलेला आहे. ज्या शहरात हे यंत्र जन्मास येते, त्याच शहरात ते पाण्याने निकामी झालेले शेकडो लोकांनी त्या आठवड्यात पाहिले.

स्टार्टरचे काम काय, हे प्रथम पाहू. तेलावर चालणारे एंजिन स्वतःहून सुरू होत नाही. त्याला आधी कोणीतरी फिरवावे लागते. मगच त्याच्या नळकांड्यांत हवा दाबली जाते, इंधन पेटते आणि ते आपल्या बळावर चालू लागते. पूर्वी हे काम हाताने, दांडा फिरवून करीत. दांडा उलटा फिरला की मनगट मोडे, आणि असे अपघात त्या काळी नित्याचे होते. अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी १९११ साली विजेचा स्टार्टर सिद्ध केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅक गाडीवर तो प्रथम बसवला गेला. त्यांच्या कल्पनेतील मर्म असे की, ही मोटार दिवसभर चालवायची नसून काही क्षणच चालवायची आहे. तेव्हा तेवढ्या क्षणांपुरता तिच्यावर वाटेल तेवढा भार टाकला तरी ती तग धरील. आजही बारा व्होल्टच्या बॅटरीतून लहानसा स्टार्टर शे-दीडशे अँपियर इतका प्रचंड प्रवाह ओढून घेतो. घरातल्या पंख्याला अर्धा अँपियरही लागत नाही, हे लक्षात घेतले म्हणजे या आकड्याची कल्पना येईल. त्याच्या टोकाला असलेले लहान दातेरी चाक, म्हणजे पिनियन, पुढे सरकून एंजिनच्या मोठ्या चाकाच्या दात्यांत अडकते, त्याला फिरवते आणि एंजिन चालू होताच मागे सरते.

आता नौकेवर या यंत्राची स्थिती कशी असते ते पाहा. मासेमारीच्या होडीत एंजिन आत, तळाशी बसवलेले असते. मोठ्या चाकाशी जुळण्यासाठी स्टार्टरला एंजिनच्या खालच्या अंगाला बसावे लागते. होडीच्या तळात थोडेफार पाणी नेहमीच साचते. पंख्याचा दांडा जेथून बाहेर जातो तेथून ते झिरपते, जाळ्यांवरून निथळते, पावसाचेही येते. म्हणजे तळातील पाणी वाढू लागले की ते प्रथम ज्याच्या भेटीस जाते तो स्टार्टरच. इतकेच नव्हे, पाणी मोठ्या चाकाच्या कडेला लागले की ते फिरते चाक पाणी उडवून स्टार्टरवर फवारा धरते. बचावाच्या होडीत एंजिन पाठीमागे बाहेर टांगलेले असते. त्याचा स्टार्टर वरच्या बाजूला, टोपणाखाली असतो. त्यामुळे तो सुरक्षित वाटतो. पण टोपणाच्या कडेची रबरी पट्टी फाटली असेल, किंवा होडी एकाएकी थांबताच मागची लाट एंजिनवर चढली, तर पाणी तेथेही पोहोचते.

बाहेरून येणाऱ्या पाण्याविषयी मनुष्य सावध असतो. स्टार्टरचा खरा वैरी मात्र पुष्कळदा एंजिनच्याच घरातला असतो. एंजिन थंड ठेवण्यासाठी बाहेरचे पाणी ओढणारा जो पंप असतो, त्याच्या बुडाशी मुद्दाम एक लहान छिद्र ठेवलेले असते. आतली पट्टी झिजली की त्या छिद्रातून पाणी ठिबकते आणि धन्याला सूचना देते. ही सूचना आपण घेतली नाही, आणि दैवयोगाने स्टार्टर त्याच्या खालीच असला, तर ते थेंब महिनोन्‌महिने त्याच्यावर पडत राहतात. धुराच्या नळीचा सांधा गंजून गळू लागला, तरी तीच गत होते.

आणखी एक वाट अशी आहे की तेथे पाणी दिसतही नाही. एंजिनच्या सान्निध्याने स्टार्टर तापतो, आणि त्याच्या पोटातील हवा प्रसरण पावून बाहेर जाते. मग एंजिन बंद होते, गार वारा लागतो, आतली हवा आकसते आणि बाहेरची दमट हवा आत ओढली जाते. रात्री तिच्यातील बाष्प थंड लोखंडावर दवासारखे बसते. म्हणजे हे यंत्र एका अर्थाने श्वास घेते, आणि प्रत्येक श्वासाबरोबर थोडे पाणी पिते. सतत चालणारी मोटार आपल्या उष्णतेने हा ओलावा उडवून लावते. स्टार्टर चालतो तो दोन-चार सेकंद. त्यामुळे आत आलेले पाणी आतच राहते. यास्तव असे म्हटले पाहिजे की, स्टार्टरला मारते ते अंगावर आलेले पाणी नव्हे, अंगात राहिलेले पाणी. पुढचे सर्व उपाय या एका वाक्यात सामावलेले आहेत.

आत राहिलेले पाणी करते काय? गोडे पाणी प्रथम लोखंडाला गंजवते. पिनियन ज्या मळसूत्री खाचांवरून पुढे-मागे सरकते, त्या खाचा गंजल्या की ते जागच्या जागी अडकते. मग कळ दाबल्यावर मोटार नुसतीच गरगरते, पण एंजिन हलत नाही. आतील कार्बनचे ब्रश आपल्या घरात सैलपणे सरकले पाहिजेत. ती घरे गंजून फुगली म्हणजे ब्रश अडकतात आणि तांब्याच्या कम्युटेटरला त्यांचा स्पर्शच होत नाही. सांडपाण्याने भरलेल्या तलावाचे पाणी याहून वाईट. त्यातून निघणारा कुजक्या अंड्याच्या वासाचा वायू तांब्याला काळे पाडतो. बंगळूरच्या बेळ्ळंदूर तलावात सांडपाण्यामुळे फेसाचे डोंगर साचतात, हे आपण वाचले आहेच. तेथे उतरलेली होडी गोड्या पाण्यातच होती, असे समजून स्वस्थ बसणे बरे नव्हे.

समुद्राच्या पाण्याची गोष्ट निराळीच. त्याच्या एका लिटरात सुमारे पस्तीस ग्रॅम क्षार असतात, आणि असे पाणी वीज वाहून नेते. बॅटरीची जाड तार स्टार्टरवरील ज्या बोल्टाला येऊन मिळते, तेथे मुख्य स्विच बंद केलेला नसेल तर रात्रंदिवस वीज उभी असते. त्या बोल्टावर खारट ओलसर थर बसला की, एंजिन बंद असतानाही थोडी थोडी वीज त्या थरातून गळत राहते. ही गळती तांबे खाऊन टाकते, आणि त्या जागी हिरवट पूड जमते. मीठ मोठे चिवट असते. पाणी सुकले तरी ते जात नाही, आणि हवेत दमटपणा येताच पुन्हा ओले होते.

हा हिरवा थर दिसायला क्षुल्लक असतो. त्याचा हिशेब मात्र भारी पडतो. समजा, एका सांध्यात या थरामुळे ओहमच्या पन्नासाव्या भागाइतकाच अडथळा उत्पन्न झाला. घरातील दिव्याला त्याची खबरही लागणार नाही. परंतु स्टार्टरचा दीडशे अँपियरचा प्रवाह त्यातून जाऊ लागला की, तेथे तीन व्होल्ट खर्ची पडतात. बारातून तीन गेले, नऊ उरले. आणि तेवढ्यात थंड एंजिन फिरवणे कठीण. गेलेल्या तीन व्होल्टांची साडेचारशे वॉट उष्णता होऊन तो सांधाच तापतो. म्हणून पुष्कळदा बॅटरी बदलली जाते, स्टार्टर वाइंडिंगला पाठवला जातो, आणि दोष निघतो तो एका बोल्टाच्या बुडाशी. कळ दाबल्यावर नुसता 'टक्' असा आवाज आला आणि पुढे काहीच झाले नाही, तर प्रथम सांधे तपासावेत, हा अनुभवी मिस्त्रींचा परिपाठ याच हिशेबावर उभा आहे.

आता उपायांकडे वळू. पहिला उपाय म्हणजे पाणी येऊ न देणे. होडीचा तळ कोरडा ठेवावा. पाणी चढताच आपोआप चालू होणारा पंप असल्यास उत्तम. पंपाचे व धुराच्या नळीचे ठिबकणे दिसताच बंद करावे. स्टार्टरवर छत्रीसारखा पत्र्याचा किंवा रबराचा आडोसा करावा. मात्र त्याला चहूबाजूंनी गुंडाळू नये. प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला स्टार्टर सुरक्षित वाटतो, परंतु आतला ओलावा तेथेच कोंडला जाऊन तो अधिक लवकर गंजतो. तारा जोडताना त्यांना स्टार्टरजवळ खालच्या बाजूस एक झोळ द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी बोल्टापर्यंत न जाता झोळाच्या तळाशी गळून पडते. घरात वीज घेताना भिंतीबाहेर तारेला असा झोळ देतात, तो याचसाठी.

दुसरा उपाय म्हणजे आलेले पाणी राहू न देणे. नौकेसाठी बनवलेल्या स्टार्टरला सांध्यांत रबरी कडी असतात, आणि काहींना खालच्या अंगाला पाणी निथळण्याचे छिद्र असते. बसवताना हे छिद्र खालीच येईल, आणि रंग किंवा चिखलाने बुजणार नाही, हे पाहावे. बाहेरून रंगाचा थर शाबूत ठेवावा. पाणी हटवणारे पातळ तेल बाजारात फवाऱ्याच्या डब्यांत मिळते, ते अधूनमधून बाहेरील भागांवर मारावे. ब्रश आणि कम्युटेटर यांवर मात्र तेल किंवा ग्रीस कधीही लागू देऊ नये. तांबे काळवंडले असल्यास बारीक काचकागदाने साफ करावे. एमरीचा कागद वापरू नये, कारण त्याची पूड खाचांत राहून उपद्रव करते.

तिसरा उपाय विजेचा. काम संपताच बॅटरीचा मुख्य स्विच बंद करावा, म्हणजे खारट थरातून होणारी गळती मुळातच थांबते. मात्र तळातील पाणी उपसणाऱ्या पंपाची तार या स्विचाच्या अलीकडून, स्वतंत्र फ्यूज घालून घ्यावी. नाहीतर स्टार्टर वाचवण्याच्या नादात होडीच बुडायची. वर्षातून एकदा सर्व सांधे सोडून, घासून लखलखीत करून, घट्ट आवळून त्यांवर व्हॅसलिनचा किंवा ग्रीसचा लेप द्यावा. हा क्रम महत्त्वाचा आहे. आधी आवळावे, मग लेप द्यावा.

येथे दोन धोक्यांची सूचना दिली पाहिजे. स्वस्त पडतो म्हणून मोटारगाडीचा स्टार्टर होडीवर बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो. डिझेलच्या होडीत त्याने फार तर तो लवकर गंजेल. पण होडीच्या आत पेट्रोलचे एंजिन असेल, तर हा व्यवहार जिवावर बेतू शकतो. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. मोटारीत ती खाली निघून जाते. होडीला खाली वाट नसते, म्हणून ती तळात साचते. नौकेच्या स्टार्टरची घडण अशी असते की, त्याच्या आतील ठिणगीने बाहेरची वाफ पेटू नये. गाडीच्या स्टार्टरात ही खबरदारी घेतलेली नसते.

दुसरी सूचना अशी की, एंजिन उठत नाही म्हणून कळ धरून बसू नये. दहा सेकंद प्रयत्न करावा, मग मिनिटभर थांबावे. एक तर एवढ्या प्रवाहाने मोटार जळते. शिवाय धुराच्या वाटेने पाणी बाहेर टाकणाऱ्या एंजिनात, फिरवण्याबरोबर थंडाव्याचा पंपही पाणी ओढत राहतो. एंजिन पेटलेलेच नसल्याने ते पाणी बाहेर फेकण्याइतका धूर नसतो, आणि ते मागे फिरून नळकांड्यांत शिरते. हवा दाबता येते, पाणी दाबता येत नाही. मग एंजिन जागीच अडते, किंवा आतील दांडा वाकतो. बंगळूरच्या पुरातून निघालेल्या मोटारी चालू करून पाहू नका, असे मिस्त्री बजावत होते, त्याचे कारण हेच होते.

इतके करूनही यंत्र बुडालेच तर? प्रथम बॅटरीची तार सोडावी. 'चालतो का पाहू' म्हणून एकदाही कळ दाबू नये. खाऱ्या किंवा घाण पाण्यात बुडाला असेल, तर स्टार्टर स्वच्छ गोड्या पाण्याने भरपूर धुवावा. पाण्याने बिघडलेल्याला पुन्हा पाणी, हे विपरीत वाटेल. परंतु मीठ काढण्यास दुसरा सोपा मार्ग नाही. लगेच उघडणे शक्य नसेल, तर हवेत ठेवण्यापेक्षा गोड्या पाण्यातच बुडवून ठेवणे बरे, कारण ओल्या लोखंडाला हवा लागली की गंज वेगाने चढतो. नंतर तो उघडावा, ब्रश व झरे तपासावेत, आणि मंद उष्णतेवर, हाताला सोसवेल त्याहून थोड्याच अधिक ऊबेत, पुरता सुकवावा. जाळावर धरू नये. तारांवरील लेप जळतो. विद्युतरोधन मापून पाहावे, आणि मगच जोडावा. हे सर्व पहिल्या दिवशी केले तर बहुधा स्टार्टर वाचतो. आठवडा उलटला, तर नवा घेण्याची तयारी ठेवावी.

शेवटचा आणि सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे यंत्र वापरात ठेवणे. कोकणच्या किनाऱ्यावर जूनच्या आरंभापासून सुमारे दोन महिने मासेमारी बंद असते. होड्या ओढून वर घेतलेल्या असतात, आणि त्याच काळात हवा सर्वांत दमट असते. हंगाम उघडताना जे स्टार्टर दगा देतात, त्यांपैकी पुष्कळ समुद्रात नव्हे, तर किनाऱ्यावर बसून बिघडलेले असतात. पुरासाठी राखलेल्या होडीला तर हा विश्रांतीचा काळ वर्षांचा असतो. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूरकडे आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात जी महापुरे आली, त्यांत होडी वेळेवर येणे म्हणजे काय, हे हजारो घरांनी अनुभवले आहे. असे पूर दिनमान पाहून येत नाहीत.

म्हणून ज्या गावी, ज्या वसाहतीत अशी होडी ठेवलेली असेल, तेथे महिन्यातून एकदा तिचे एंजिन स्वच्छ पाण्याच्या पिंपात पाय बुडवून दहा मिनिटे चालवावे. पिंपावाचून कोरडे चालवू नये. थंडाव्याच्या पंपातील रबरी चक्र काही क्षणांत खराब होते. त्याच वेळी स्टार्टरचा आवाज ऐकावा, सांध्यांना हात लावून तापतात का ते पाहावे, बॅटरी भरावी. ज्या एंजिनाला दोरीने ओढून चालू करण्याची सोय आहे, त्याची दोरी शाबूत ठेवावी, आणि ती ओढण्याचा सराव दोघा-तिघांना तरी असावा. भिंतीवर एक वही टांगून तारीख आणि सही घालावी. हे काम नेमून दिलेले नसेल, तर ते कोणाचेच नसते.

तहान लागल्यावर विहीर खोदू नये, ही म्हण आपण पाण्याच्या टंचाईसाठी वापरतो. पाण्याच्या आधिक्यालाही ती तितकीच लागू आहे. पुराच्या रात्री होडीत बसणारा मनुष्य कळ दाबतो, तेव्हा त्याच्या हाती करण्यासारखे फार थोडे उरलेले असते. जे करायचे ते कोणीतरी आधीच्या एखाद्या कोरड्या, शांत दुपारी केलेले असावे लागते.